"मला सगळी पोरं सारखीच" म्हणताना वर्गात होणाऱ्या चुका : शिक्षकांनो, या टाळा

"आमच्या शाळेत भेदभाव वगैरे काही नाही, मला सगळी पोरं सारखीच." रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कुठल्याही स्टाफरूममध्ये हे ऐकायला मिळतं आणि बोलणारे मनापासूनच बोलत असतात. पण आपली गावंच वाड्यांमध्ये वाटलेली आहेत, कुणबीवाडी, भंडारवाडा, बौद्धवाडी, मोहल्ला, वर डोंगरात धनगरवाडा, आणि पोरं सकाळी आपापल्या वाडीतून घोळक्याने येतात ती तशीच घोळक्याने बसतात, कुणी बसवलेलं नसतं तरी. आपण काहीच केलं नाही तर गावातली मांडणी जशीच्या तशी वर्गात येते. पहिली चूक हीच, की माझ्या मनात काही नाही म्हणजे वर्गातही काही नाही असं धरून चालायचं.

मग बघायचं कुठे? कामं बघा. पाहुणे आले की पाणी द्यायला नेहमी तीच दोन पोरं उठतात आणि संडासात बादली ओतायला नेहमी दुसरीच दोन, झाडू मुलींच्या हातात आणि मॉनिटर मुलगा. यातलं काही कुणी ठरवून केलेलं नसतं, "अरे तू जा रे" असं तोंडात येईल ते नाव घेतलेलं असतं, पण वर्षभर तीच नावं तोंडात येतात ना! हजेरीच्या क्रमाने कामाचा तक्ता करून भिंतीवर लावा, सगळी कामं सगळ्यांना, मुलगे-मुली दोघांना, आणि पहिल्या दिवशी झाडू स्वतः हातात घ्या. पोषण आहाराच्या पंगतीलाही हेच, वाढणारे रोज बदला आणि पंगत कुठे तुटते त्यावर लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट मला फार लागते, आणि ती चांगली माणसंसुद्धा करतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले, मुदत दोन दिवसांची, की सर वर्गात येऊन म्हणतात "एस्सीची मुलं उभी राहा". पाच पोरं उभी राहतात, बाकीचा वर्ग बघतो, आणि त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्यांना कुठल्या नावाने हाक मारली जाते ते सरांना कधीच कळत नाही. जातीची नोंद जनरल रजिस्टरला आहेच, ती तिथून काढा, पालकांना निरोप द्या, फॉर्म शाळा सुटल्यावर भरून घ्या. दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ देत. "सरकार तुम्हाला सगळं फुकट देतं" हे वाक्य तर गमतीतही नको.

रायगडमधल्या शाळांसाठी खास, कातकरी मुलं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक (बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड), आणि पावसाळा संपला, दिवाळी झाली की यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला निघतात ती पाऊस तोंडावर आला की परत. आपण हजेरीत "सतत गैरहजर" लिहितो आणि "यांना शिक्षणाची आवडच नाही" म्हणून मोकळे होतो. तसं करू नका, दिवाळीआधीच वाडीवर जाऊन कोण कुठे चाललंय विचारा, शिक्षण हमी कार्ड (पोर जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं म्हणून द्यायचं कार्ड) हातात द्या, आणि तिकडच्या जवळच्या शाळेतल्या गुरुजींना एक फोन टाका, या फोनने सगळ्यात जास्त फरक पडतो. पोर परत आलं की मागच्या बाकावर ढकलू नका. आणि जन्मदाखला नाही म्हणून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सरळ तेच सांगतं.

बोलीचं थोडक्यात. "सर, माझी वही गावना नाय" म्हणणाऱ्या पोराला आधी वही शोधायला मदत करा, "नीट मराठीत बोल" नको. सगळ्यांसमोर दोनदा असं टोकलं की ते पोर पुढे उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही आणि मग आपणच म्हणतो अबोल आहे.

आता डीएड-बीएड कॉलेजांकडे वळतो, कारण मुळात हे तिथे शिकवायला हवं. सराव पाठाला टाचण बघतात, फलकलेखन बघतात, प्रश्न कसे विचारले बघतात, पण प्रश्न कुणाला विचारले हे कुणी बघत नाही. सोपा उपाय आहे, पाठ चालू असताना मागे बसलेल्या एका छात्राध्यापकाने कागदावर बाकांचा नकाशा काढायचा आणि प्रश्न ज्या मुलाकडे जाईल तिथे टिंब द्यायचं. तास संपल्यावर कागद बघा, पुढच्या दोन रांगांत टिंबांची गर्दी आणि एखादा अख्खा कोपरा कोरा. असा कागद हातात आला की भाषणाची गरज राहत नाही.

महाडचा पाठसुद्धा असाच वरवर घेतला जातो, २० मार्च १९२७, चवदार तळं, रिकाम्या जागा भरा, संपलं. अहो, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव १९२३ चा आहे, महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं १९२४ मध्ये, म्हणजे कागदावर सगळं झालेलं होतं तरीही लोकांना मोर्चा काढून जाऊन पाणी प्यावं लागलं आणि परत येताना मारही खावा लागला. हे सांगा, आणि लगेच विचारा की आपल्या शाळेत कागदावर काय आहे आणि नळावर काय आहे.

शेवटची चूक म्हणजे पालक तक्रार घेऊन आले की "गावात वाद नको, शाळेचं नाव खराब होईल" म्हणून दाबणं. नाव दाबल्यानेच जास्त खराब होतं! कोण, कधी, कुठले शब्द बोललं ते त्याच दिवशी लिहून घ्या, मुलाशी एकट्याने आणि शांतपणे बोला, विषय शाळा व्यवस्थापन समितीत ठेवा, त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असायलाच हवेत आणि वंचित गटातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. मानसिक छळाला त्याच आरटीई कायद्याच्या कलम १७ ची बंदी आहे. तिथे दाद लागली नाही तर पालकांना सांगा की कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि अर्ज देताना आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका म्हणावं.