अमेरिकेत सभागृह पालटलं की धोरण पालटतं? निकाल वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध ठरलेल्या वेळी होणाऱ्या, निवडणुकांचे निकाल लागले की आपल्याकडच्या फॅमिली ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "मग आता व्हिसाचं काय?" बहुतेक वेळा खरं उत्तर असतं, लगेच काहीच नाही. ते कुणाला ऐकायचं नसतं, म्हणून भलतेच अंदाज बांधले जातात.

बहुमत गेलं म्हणजे सरकार गेलं, असं धरू नका

या निवडणुकीत प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी साधारण एक तृतीयांश जागांसाठी मतदान होतं. राष्ट्राध्यक्षाची खुर्ची हलत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये इराक युद्धावरच्या रागातून विरोधातल्या डेमोक्रॅट्सनी दोन्ही सभागृहं जिंकली. दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या गच्छंतीची घोषणा झाली. लोकांना वाटलं, आता सैन्य परत येणार. जानेवारी २००७ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनी उलट वीस हजारांहून अधिक जादा सैनिक इराकला धाडायचं जाहीर केलं. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, माघारीची मुदत घातलेलं खर्चाचं विधेयक पाठवलं, बुश यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, ती जमली नाहीत. शेवटी मुदतीविना पैसा मंजूर करावा लागला.

खरी गंमत पुढे आहे. मे २००७ च्या त्याच युद्धखर्चाच्या कायद्यात किमान वेतनवाढ बसवली गेली: ताशी ५.१५ डॉलरवरून टप्प्याटप्प्याने ७.२५ डॉलर. बुश यांना युद्धासाठी पैसा हवा होता, त्यामुळे सही करणं भाग होतं. नव्या बहुमताची खरी ताकद अशी दिसते. स्वतंत्र विधेयकं अडतात, पण जे मंजूर झाल्यावाचून कारभार थांबेल त्याला आपला डबा जोडता येतो. म्हणून भाषणांपेक्षा खर्चाच्या विधेयकाच्या पोटात काय घातलंय ते बघा.

पक्षाच्या जागा मोजून कायदा मंजूर झाला, असं समजू नका

आपल्याला प्रतोद, व्हिप आणि अपात्रतेच्या नोटिसा तोंडपाठ झाल्या आहेत. तिथे पक्षांतरबंदी कायदाच नाही. रिपब्लिकनांनी २०१० मध्ये प्रतिनिधीगृहात ६३ जागा वाढवल्या आणि ओबामांचा आरोग्यविमा कायदा रद्द किंवा खिळखिळा करण्यासाठी पुढच्या काही वर्षांत पन्नासहून अधिक वेळा मतदान घेतलं. कायदा जागचा हलला नाही. २०१७ मध्ये दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षपद हाती आलं, तेव्हा मध्यरात्रीनंतरच्या मतदानात त्यांचेच सिनेटर जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला आणि प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ असा पडला. मॅकेन यांची जागा शाबूत राहिली.

एका सभागृहात पास झालं म्हणून पेढे वाटू नका

ही चूक भारतीय कुटुंबांना सगळ्यात महाग पडते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. ती काढणारं विधेयक डेमोक्रॅट्सच्या ताब्यातल्या प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. इतकं दणदणीत बहुमत, दोन्ही पक्षांचं! रिपब्लिकन सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये त्याचं वेगळं रूप मंजूर केलं. दोन मसुद्यांचा मेळ बसायच्या आत, ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक मेलं. नव्या काँग्रेसमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे बातमी आली की दोनच गोष्टी विचारा: दुसऱ्या सभागृहाने हाच मसुदा जसाच्या तसा घेतला का, आणि सिनेटमध्ये ६० मतं आहेत का? साध्या बहुमताने तिथे सहसा चर्चासुद्धा संपवता येत नाही.

व्हिसाचं तर आणखी वेगळं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कुशल नोकरदारांच्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार आला तो ट्रम्प यांच्या घोषणापत्राने, काँग्रेसमध्ये मतदान न होता. अशा निर्णयांसाठी सभागृहाच्या आकड्यांपेक्षा व्हाइट हाउस आणि कोर्टाकडे लक्ष ठेवलेलं बरं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे "कोंडी झाली, आता काहीच होणार नाही." समित्यांची अध्यक्षपदं बदलतात आणि अधिकाऱ्यांना समन्स पाठवायचा अधिकार विरोधकांच्या हाती येतो. राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या न्यायाधीशांना मंजुरी देणं एकट्या सिनेटकडे असतं. २०१४ मध्ये सिनेट रिपब्लिकनांकडे गेली. २०१६ मध्ये ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची सुनावणीच होऊ दिली नाही आणि ती जागा पुढे ट्रम्प यांनी भरली. मतदानच न घेणं हाही त्या सिनेटचा निर्णयच होता.

तारखांकडेही बघा. निकाल नोव्हेंबरात लागतो, नवी मंडळी ३ जानेवारीला बसतात. मधले आठवडे जुनंच सभागृह चालतं आणि हातचं बहुमत जाणार म्हटल्यावर त्याला घाई सुटते. २०२२ मध्ये प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे गेल्याचं स्पष्ट झाल्यावरही, डिसेंबरात जुन्या सभागृहाने समलिंगी विवाहांना संरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं आणि बायडेन सही करून मोकळे झाले.