डेल्फीत चालत्या प्रोग्राममध्ये बटणं बनवताय? या चुका टाळा

डेल्फी म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिहायचं साधन. त्यात फॉर्मवर (प्रोग्रामच्या खिडकीवर) बटण ओढून ठेवलं की डेल्फी सगळं निमूट सांभाळतं: कोण बनवणार, कुठे दिसणार, कोण मोडणार. तेच बटण प्रोग्राम चालू असताना कोडमधून बनवायचं झालं की हे तिन्ही प्रश्न आपल्या गळ्यात पडतात. नवख्यांना यातले पहिले दोनच दिसतात. बटण आलं, दाबल्यावर चाललं, झालं काम! मी लोकांचे जुने प्रोग्राम दुरुस्त करून पोट भरतो, त्यामुळे माझ्या वाट्याला कायम तिसराच प्रश्न येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकतो. क्रिएट केलं तरी बटण दिसत नाही, अशी तक्रार आली की पेरेंट लावलेला नसतो. क्रिएटच्या कंसात जातो तो ओनर. तो फक्त शेवटी मोडायची जबाबदारी घेतो. कुठे दिसायचं ते पेरेंट ठरवतो आणि त्याची ओळ वेगळी लिहावी लागते. पुढे.

मोडायचं सोडून लपवणं

ही माझी खास नावडती चूक. गिरगावातल्या एका थाळीच्या हॉटेलात गल्ल्यावरच्या पडद्यावर चाळीस टेबलांची चाळीस बटणं होती. प्रत्येकावर टेबल नंबर आणि चालू बिलाची रक्कम. रक्कम ताजी राहावी म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाने टायमर लावला होता. दर वीस सेकंदांनी जुन्या बटणांचं व्हिजिबल फॉल्स, त्यांच्या जागी नवी चाळीस. दिसायला एकदम चोख.

हॉटेल साडेअकराला उघडायचं आणि एक वाजायच्या आत, गर्दी ऐन भरात असताना, पडद्यावर सिस्टीम एरर ११५८ यायची. मग कागदावर बिलं, रांगेतल्या लोकांची चिडचिड. शेठनी आधी हार्डवेअरवाल्याला बोलावलं, त्याने रॅम वाढवून दिली. एरर त्याच वेळेला हजर. मी गेलो तेव्हा शेठ म्हणाले, "साहेब, मशीन जुनं झालंय. नवीनच घेऊन टाकू का?"

मशीनचा काही दोष नव्हता. टीबटन, म्हणजे डेल्फीचं साधं बटण, ही विंडोजच्या लेखी एक खिडकीच असते आणि तिला एक हँडल, म्हणजे विंडोजने दिलेला ओळख नंबर, लागतं. लपवलेली खिडकी हँडल सोडत नाही. एका प्रोसेसला अशी साधारण १०,००० हँडल्स मिळतात. रॅम कितीही घाला, ही मर्यादा वेगळी. मिनिटाला १२०, म्हणजे तासाला ७,२०० बटणं. दीड तासाच्या आत कोटा खलास.

यावर एक शॉर्टकट लोक हौसेने सुचवतात: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ही मर्यादा वाढवायची. ती १८,००० च्या वर जात नाही. म्हणजे तेच हॉटेल एकच्या ऐवजी दोनला बंद पडलं असतं.

उपाय कंटाळवाणा आहे. टेबलं चाळीसच आहेत ना? मग सुरुवातीला एकदाच चाळीस बटणं बनवा आणि नंतर फक्त कॅप्शन बदला. संख्या खरोखरच बदलत असेल तर माझी पद्धत अशी: फॉर्मवर एक रिकामं पॅनल, कोडमधून बनवलेलं सगळं त्याच्यावर, ओनरही तेच पॅनल. गरज संपली की पॅनल फ्री, म्हणजे मोडून टाकायचं. पोटातली बटणं त्याच्याबरोबर जातात, एकेकाच्या मागे धावावं लागत नाही.

इथे काही हुशार मंडळी म्हणतील, "सर, आम्ही रिपोर्टमेमरीलीक्सऑनशटडाउन ट्रू ठेवतो." म्हणजे प्रोग्राम बंद होताना न सोडलेल्या मेमरीचा रिपोर्ट मिळतो. ठेवा, मीही ठेवतो. पण या हॉटेलच्या प्रोग्राममध्ये तो रिपोर्ट कोरा यायचा! बटणांचा ओनर फॉर्म होता. प्रोग्राम बंद होताना फॉर्मने सगळी बटणं शहाण्यासारखी मोडली. गळती दुपारची, तपासणी रात्रीची. म्हणून मी टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये यूजर ऑब्जेक्ट्सचा कॉलम उघडा ठेवतो. तोच स्क्रीन पुन्हापुन्हा उघडायचा, बंद करायचा. आकडा दर वेळी थोडा वर सरकत असेल तर चहा नंतर, आधी कोड.

स्वतःच्याच क्लिकमध्ये स्वतःला फ्री करणं

यादीतल्या प्रत्येक ओळीला एक 'काढा' बटण, आणि त्याच्या ऑनक्लिकमध्ये (दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) सेंडर, म्हणजे तेच दाबलेलं बटण, फ्री. बसल्या फांदीवर कुऱ्हाड! ऑनक्लिक संपलं की कंट्रोल परत त्याच बटणाच्या आतल्या कोडमध्ये जातो, आणि ते बटण तर आता उरलेलंच नसतं. वाईट म्हणजे हे कधीकधी चालतं. मोकळ्या झालेल्या मेमरीवर अजून कुणी लिहिलेलं नसेल तर काहीच बिघडत नाही. म्हणून "माझ्या मशीनवर तर चालतंय" असं छातीठोक सांगणारे भेटतात आणि अ‍ॅक्सेस व्हायोलेशन (आपली नसलेली मेमरी चाळल्याची एरर) गिऱ्हाइकाकडे उगवतं. ते झाकायला रिकामा, म्हणजे एरर गुपचूप गिळणारा, ट्राय-एक्सेप्ट घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, बिल वाढवतो.

मी फॉर्मला पोस्टमेसेजने स्वतःचा एक मेसेज पाठवतो, डब्ल्यूएम_ॲपच्या (प्रोग्रामच्या स्वतःच्या मेसेजसाठी राखीव नंबरांच्या सुरुवातीच्या) पुढचा नंबर घेऊन. तो रांगेत थांबून नंतर पोचतो, आणि फ्री मी तिथे करतो. तोवर क्लिकचं काम आटोपलेलं असतं. डेल्फीच्या टोकियो आवृत्तीपासून टीथ्रेडचं फोर्सक्यू आहे, तेही काम नंतरसाठी रांगेत लावतं, तेही चालेल. नुसतं क्यू नको. मेन थ्रेडवरून, म्हणजे क्लिक जिथे चालतं तिथूनच, बोलावलं तर ते तिथल्या तिथे चालतं आणि तुम्ही पुन्हा फांदीवरच. अख्खा फॉर्म घालवायचा असेल तर फ्री नाही, रिलीज: ते चालू काम आटोपल्यावरच फॉर्म मोडतं. लॅझरस (डेल्फीसारखंच मोफत साधन) वापरणाऱ्यांना ॲप्लिकेशनचं रिलीजकॉम्पोनंट आयतं मिळतं.

बाकीच्या, पटापट

शून्यापासून वर जाणाऱ्या लूपमध्ये कंट्रोल्स (बटणं वगैरे) फ्री करू नका. एक गेला की मागचे एक घर पुढे सरकतात, मधलेमधले वाचतात आणि शेवटी इंडेक्सची एरर येते. शेवटापासून खाली मोजणारं डाउनटू वापरा.

नेम द्यायची गरज नसते, तरी लोक देतात. दुसऱ्या फेरीत तेच नाव दिलं की 'या नावाचा कॉम्पोनंट आधीच आहे' अशी एरर. कोणतं बटण दाबलं हे ओळखायला टॅग, म्हणजे बटणाला चिकटवलेला आकडा, पुरतो.

एका झटक्यात साफसफाई म्हणून फॉर्मचं डिस्ट्रॉयकॉम्पोनंट्स बोलावू नका. डिझाइनमध्ये ठेवलेले मेनू, टायमर, डेटासोर्ससुद्धा त्यात जातात.

बटणं टीऑब्जेक्टलिस्टमध्ये (ऑब्जेक्ट्सच्या यादीत) ठेवत असाल तर ओन्सऑब्जेक्ट्स फॉल्स करा. मुळात ते ट्रू असतं. पॅनलने आधी मोडलेलं बटण लिस्ट पुन्हा मोडायला जाते.