बसलेल्या बाईचं आधुनिक पोर्ट्रेट: परीक्षेच्या पेपरात लिहायचं काय?

सावर्डे-चिपळूणकडे चित्रकला शिकायला आलेली मुलं दरवर्षी हेच विचारतात. आपल्या डोळ्यांना सवय हळदणकरांची. सावंतवाडीच्या या चित्रकाराच्या ‘ग्लो ऑफ होप’मध्ये दिव्याचा उजेड बाईच्या बोटांतून झिरपतो, दाद कशाला द्यायची ते लगेच कळतं. पिकासोनं १९०५-०६ मध्ये केलेलं लेखिका गर्ट्रूड स्टाइनचं पोर्ट्रेट समोर आलं, की वर्ग गप्प होतो.

माझं सांगणं एवढंच: चेहऱ्याला लगेच हात घालू नका. आधी बसणं बघा. स्टाइन पुढे झुकलीय, हात मांड्यांवर टेकलेत, तपकिरी कपड्यांच्या त्या जड आकारानं जवळजवळ सगळा कॅनव्हास अडवलाय. हे वजन मला खरं उमगलं ते आत्तेचं स्केच करताना. हातांना खोबरेल चोपडून ती ओटीवर फणस फोडायला बसली होती. खांदे पुढे, कोपरं गुडघ्यांवर, सगळा भार कमरेतून खाली पाटावर. बोलायला मान वर करायची, पण पाठ तसूभर हलत नव्हती. असं एखादं स्केच करा आणि मगच स्टाइनकडे या.

आता चेहरा. जड पापण्या, लहानमोठे डोळे, लाकडात कोरल्यासारखे गाल. हात त्या मानानं मऊ, सैल रंगवलेले. याला कारण आहे. स्टाइन चित्रासाठी कितीतरी वेळा समोर बसल्यावर पिकासोनं डोकं पुसून टाकलं, १९०६ चा उन्हाळा स्पेनमधल्या गोसोलला काढला आणि पॅरिसला परतल्यावर स्टाइन समोर नसताना चेहरा नव्यानं रंगवला. प्राचीन आयबेरियन (स्पेनकडची) शिल्पं तेव्हा त्याच्या डोक्यात होती. म्हणून एकाच बाईत दोन रीती दिसतात, आणि पांढऱ्या स्कार्फच्या वर त्यांचा सांधा आहे. उत्तराचा जीव त्या सांध्यात आहे, कारण पुढच्याच वर्षी त्यानं अशाच कोरीव चेहऱ्यांचं ‘आव्हिन्यॉच्या तरुणी’ हे चित्र रंगवलं. ‘चेहऱ्यावर गूढ भाव आहेत’ हे वाक्य मात्र खोडाच. ते कुठल्याही चित्राला चिकटतं.

झेरॉक्सवर अभ्यास करू नका, तपकिरीतले फरक त्यात मरतात. चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यांच्या वेबसाइटवर मोठं करून बघा. चेहरा कागदानं झाकून अंगाबद्दल चार ओळी लिहा, मग अंग झाकून चेहऱ्याबद्दल.