ध्रुवीय सागरी हवेतील कणनिर्मिती: निरीक्षणे वाचताना या चुका टाळा

ध्रुवीय समुद्रावरील हवेत कणगणकाचा (हवेतील सूक्ष्म कण मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा एकाएकी चढला की ‘वायूंपासून नवे कण तयार झाले’ अशी नोंद करण्याची घाई होते आणि बहुतेक चुका या घाईतूनच होतात. गणक केवळ संख्या मोजतो. कण कोठे आणि कशापासून जन्मले, हे त्याला कळत नाही. नॉर्वेच्या आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ऑलेसुंद येथे, जिथे भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र 2008 पासून आहे, किंवा अंटार्क्टिकातील कोणत्याही तळावर जनरेटर, हिमवाहने आणि जहाजे यांच्या धुरातूनही अतिसूक्ष्म कण मोठ्या संख्येने बाहेर पडतात. म्हणून वाऱ्याची दिशा आणि काजळीचे प्रमाण आधी तपासावे. काही सेकंदांत चढून उतरणारे टोक बहुधा धुराचे असते, तर खरी निर्मिती कित्येक तास चालते आणि कण वाढत जातात तसा आकारमान-वेळ आलेखावर केळ्यासारखा वक्र उमटतो. तो वक्र थेट 20 नॅनोमीटरपासून सुरू होत असेल, तर कण दुसरीकडे जन्मून वाऱ्याबरोबर आले असण्याची शक्यता अधिक.

लाटांचे बुडबुडे फुटून उडणारे क्षारकण या हिशेबात धरू नयेत. ते समुद्रातून थेट हवेत येतात, वायूंपासून तयार होत नाहीत.

सर्वांत खोल रुजलेली चूक म्हणजे सारे श्रेय एकाच वायूला देणे. समुद्रातील वनस्पतिप्लवकांमुळे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळे) निर्माण होणारा डायमिथाइल सल्फाइड हा गंधकयुक्त वायू हवेतील अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल मूलकांशी अभिक्रिया करतो, पण पुढे त्याच्या वाटा फुटतात: एका वाटेने सल्फर डायऑक्साइड आणि त्यातून सल्फ्युरिक आम्ल, तर दुसऱ्या वाटेने, जी थंडीत अधिक चालते, मिथेनसल्फॉनिक आम्ल तयार होते. हे दुसरे आम्ल मुख्यतः आधीपासून असलेल्या कणांवर साचून त्यांना मोठे करते, त्यामुळे त्याच्या प्रमाणावरून नव्या कणांचा जन्मदर काढणे चुकीचे ठरते. सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूंचे पुंजके टिकण्यासाठी अमोनियासारख्या आम्लारीचा आधार लागतो आणि आयनही मदत करतात. 2023 च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकातील माराम्बियो तळाजवळ, सुमारे 60,000 अ‍ॅडेली पेंग्विनांच्या वसाहतीपासून 8 किलोमीटरवर, वारा तिकडून असताना अमोनिया 13.5 अब्जांशांपर्यंत (हवेच्या एक अब्ज भागांत 13.5 भाग) पोचलेला आढळला. उलट उत्तर ग्रीनलंडमधील व्हिलुम केंद्रावर वसंतातील कणनिर्मितीत आयोडिक आम्ल प्रमुख ठरले, तर न्यू-ऑलेसुंदला सल्फ्युरिक आम्ल आणि अमोनिया यांची जोडी. एका केंद्राचा निष्कर्ष दुसऱ्यावर लादू नये, आणि एका ऋतूचाही दुसऱ्यावर नाही.

वायू भरपूर असूनही कण दिसत नाहीत, तेव्हा उपकरण बिघडले असे लगेच मानू नये. वसंतात आर्क्टिकवर दूरच्या प्रदूषणाचे धुके असते आणि त्यातील जुन्या कणांवरच हे वायू साचून संपतात. मग मात्र बाहेरची हवा गणकापर्यंत आणणाऱ्या नळीकडेही पाहावे: 3 नॅनोमीटरहून लहान कण लांब, वळणदार नळीच्या भिंतींना चिकटून हरवतात, म्हणून नळी आखूड व सरळ ठेवावी, प्रवाह जास्त ठेवावा आणि नळीत हरवलेल्या कणांची भर आकड्यांत कणांच्या आकारानुसार घालावी. बाहेर उणे 20 आणि खोलीत अधिक 20 अंश असेल, तर मोजणीआधीच कणांतील अस्थिर भाग उडून जाऊ शकतो, हेही ध्यानात असावे.

शेवटी, नवा कण आणि मेघबीज (ज्यावर ढगाचा थेंब धरतो तो कण) या एकच गोष्टी नव्हेत. सुमारे 2 नॅनोमीटरच्या कणाला ढगाचा थेंब धरण्यासाठी सामान्यतः 50 ते 100 नॅनोमीटरपर्यंत वाढावे लागते आणि वाटेत बरेच कण मोठ्या कणांवर आदळून नाहीसे होतात. मात्र आर्क्टिकच्या अतिस्वच्छ उन्हाळी हवेत 50 नॅनोमीटरहून लहान कणही थेंब धरू शकतात, म्हणून मर्यादा पुस्तकातून उचलण्याऐवजी त्याच हवेत मेघबीजगणक चालवून ठरवावी.