कर्नेलमधलं जुनं फंक्शन काढताय? या चुका टाळा

लिनक्स कर्नेलला (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचा म्हटलं की बेळगाव, निपाणी, खानापूरकडची इंजिनिअरिंगची मुलं बहुधा एखादं कालबाह्य फंक्शन काढायला घेतात. काम चांगलंच निवडलंय. फक्त नाव बदललं की झालं, ही समजूत आधी सोडा.

स्ट्रएलसीपीवाय (strlcpy) हे स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, कॉपी करणारं फंक्शन बघा. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ६.८ आवृत्तीत ते कर्नेलमधून गेलं, त्याच्या जागी स्ट्रएससीपीवाय (strscpy) वापरतात. जुनं फंक्शन मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत द्यायचं, मग ती बफरमध्ये, म्हणजे कॉपीसाठी राखलेल्या जागेत, मावो न मावो. नवं मात्र स्ट्रिंग मावली नाही तर उणे सात देतं, म्हणजे ई-टू-बिग हा एरर. आता कोडमध्ये परत आलेला आकडा थेट पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता) मिळवलेला असेल, तर पॉइंटर पुढे सरकायच्या ऐवजी सात बाइट मागे येतो आणि आधी लिहिलेल्यावरच लिहू लागतो. कंपाइलर चकार शब्द काढत नाही! म्हणून जिथे जिथे परत येणारी किंमत वापरली आहे, ती प्रत्येक ओळ स्वतः वाचा.

दुसरी चूक कोडमध्ये नाव शोधणाऱ्या गिट ग्रेपवर डोळे झाकून विसंबण्याची. काही नावं मॅक्रोमध्ये (कंपाइल होण्याआधी कोडमध्ये उलगडणारं छोटं रूप) दोन तुकडे जोडून तयार होतात, ती शोधात सापडतच नाहीत. शिवाय आपल्या लॅपटॉपच्या कॉन्फिगमध्ये (बिल्डच्या सेटिंग्ज) बंद असलेला ड्रायव्हर कंपाइलच होत नाही. ऑलमॉडकॉन्फिगने, म्हणजे शक्य तितके ड्रायव्हर चालू करणाऱ्या कॉन्फिगने, बिल्ड करा, मग एआरएम६४ या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी क्रॉस-कंपाइल करा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

क्रमही महत्त्वाचा. आधी वापरणारे सगळे बदला, फंक्शनची व्याख्या शेवटच्या पॅचमध्ये काढा. मधला एखादा पॅच बिल्ड होत नसेल, तर पुढे गिट बायसेक्टने बिघाड कोणत्या पॅचमधून आला ते शोधणाऱ्याचे हाल होतात. तोवर कुणी नवा वापर आणला नाही ना, हे पुढच्या आवृत्तीचे बदल जिथे गोळा होतात त्या लिनक्स-नेक्स्टमध्ये तपासा.

कर्नेलच्या आतली फंक्शनं बदलायला मोकळीक आहे, बाहेरच्या मॉड्यूलसाठी ती जपली जात नाहीत. सिस्टिम कॉलला, म्हणजे प्रोग्राम कर्नेलकडे काम मागतात त्या दारांना, मात्र हात लावू नका. तिथे लोकांचे चालू प्रोग्राम मोडतात आणि असा पॅच मेंटेनर, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेले लोक, घेत नाहीत. पॅच कुणाला पाठवायचा ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते, आणि त्याआधी पॅचची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवाच.