पाळलेल्या सरड्याचे पाय थरथरत होते, तो कसा सावरला

घर बदलताना कुणीतरी मागे सोडलेला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा, आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात घरी आणला. मागचे पाय थरथरायचे, खालचा जबडा रबरासारखा मऊ. समोर रातकिडा उड्या मारत असला तरी जीभ बाहेर येत नव्हती.

कॅल्शियमची पूड झाली, रोज पालक झाला, काचेची पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवून झाली. दोन महिने जीव नुसता टांगणीला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं कमजोर झाली होती. खरी चूक त्या काचेत होती. काचेतून ऊब येते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे उन्हातले अतिनील, म्हणजे यूव्हीबी किरण जवळजवळ येतच नाहीत, आणि त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. पालकातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य तर कॅल्शियमला उलट अडवतं.

आधी डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं कॅल्शियम सुरू केलं. मग रोज सकाळी साडेआठला गच्चीवर, जाळीच्या पिंजऱ्यात वीस मिनिटं ऊन. अर्ध्या पिंजऱ्यावर ओलं पोतं, कारण आपल्याकडचं ऊन लगेच भाजायला लागतं. त्यानंतर घरात यूव्हीबी ट्यूब, मध्ये काच नाही. पालकाऐवजी शेवग्याचा पाला.

सहाव्या आठवड्यात त्यानं माझ्या बोटांतून रातकिडा ओढून घेतला. जबडा किंचित वाकडा राहिलाय.