माणसं कडेला, फुलं मधोमध

चित्रात माणूस दिसला की आपण आधी त्याचं तोंड बघतो, लग्नाच्या ग्रुप फोटोत बघतो तसं. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँच्या 'ते तियारे फारानी' (१८९१) या चित्रापुढे हा मोह आवरा. मूळ चित्र मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. कोथरूडच्या माझ्या रविवारच्या वर्गात आम्ही ए-थ्री प्रिंटवर भागवतो.

एक पोस्टकार्ड घ्या. आधी त्याने डावीकडचे दोघं झाका, तो टोपीवाला आणि त्याच्या सोबतचं माणूस. काय उरलं? अख्खं स्थिरचित्र: टेबल, फुलदाणी, गच्च फुलं. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला मांडतात तसं. आता कार्ड फुलांवर सरकवा. माणसं एकदम पोरकी झाली ना? कुठे बसलीत, कशाला बसलीत, पत्ताच लागत नाही. चित्र कुणाच्या जिवावर उभं आहे ते कळलं.

ही मांडणी एकट्या गोगँची नाही. देगा या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराने १८६५ मध्ये एक बाई अशीच फुलांशेजारी बसवली, आणि उजवीकडे इतकी रेटली की चौकटीने ती कापली गेली. शाळेत स्मरणचित्राच्या सरावात माझा एक माणूस असाच कापला गेला होता. सरांनी लाल पेनाने गोल करून विचारलं, "कागद पुरला नाही का?" तेव्हा मला देगा माहीत नव्हता, नाहीतर उत्तर दिलं असतं.

रंगांसाठी डोळे बारीक करा. सावल्या देऊन गोलाई आणण्यात गोगँला फारसा रस नाही, रंगांचे सपाट तुकडे शेजारी शेजारी बसतात. बस, एवढं पुरे.

खरी गंमत नावात आहे. ते ताहिती या प्रशांत महासागरातल्या बेटाच्या भाषेत आहे आणि अर्थ 'फ्रान्सची फुलं'. तियारे म्हटलं की ताहितीत आठवतं ते पांढरं सुवासिक फूल, आपल्या अनंताच्या कुळातलं. इथे ते नाही. मला तर ही गुलाबी कण्हेर वाटते, आमच्या सोसायटीच्या कुंपणाला आहे तीच, आणि कण्हेर काही त्या बेटावरची नव्हे. ताहिती १८८० मध्ये फ्रान्सने खालसा केलं, अकरा वर्षांनी गोगँ तिथे उतरला. आता पुन्हा त्या टेबलाकडे बघा: बाहेरून आलेली फुलं ऐसपैस मधोमध, घरचे दोघं कोपऱ्यात. गोगँने हे ठरवून केलं का, यावर आमच्या वर्गात दर वेळी भांडण होतं. मी ठरवून केलं म्हणणाऱ्यांत.

घरी करून बघायचं असेल तर कण्हेरीची फांदी फुलदाणीत ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी टेबलाच्या टोकाला बसवा. कण्हेर विषारी असते, चीक लागला तर चहाच्या कपाला हात लावण्याआधी धुवा.